खेळाचे मालगुजार

जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातील एका घरावर छापा घातला, तेव्हा कोट्यवधी रुपयांची रोकड आणि कित्येक किलो सोने त्यांच्या हाती लागले. फिर्याद नागपूरच्या एका व्यापाऱ्याची होती. इंटरनेटवरील जुगाराच्या खेळात आपण सुमारे ५८ कोटी रुपये गमावले, आणि ज्या ॲपवर तो खेळ चालला त्याची रचनाच आपण हरावे अशी करून ठेवलेली होती, असे त्याचे म्हणणे होते. आरोपाच्या खरेखोटेपणाचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. जिल्ह्यात चर्चा झाली ती सोन्याच्या वजनाची. खेळ लबाडीचा असलाच, तर तो तसा आहे हे खेळणाऱ्याला खेळताना कळण्याचा काही मार्ग होता काय, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

असा मार्ग नव्हता, हे त्याचे उत्तर आहे. गोंदिया शहराला खेटून असलेल्या फुलचूरसारख्या गावात चौघे रमी खेळावयास बसले, तर पत्ते सर्वांच्या डोळ्यांदेखत पिसले जातात, शेजारचा ते काटतो, आणि कोणी हातचलाखी केलीच तर त्याचा हात धरता येतो. कट्ट्यावरच्या खेळात नियम कोणाच्या मालकीचे नसतात आणि पिसणारा हात दृष्टीआड नसतो. तोच खेळ मोबाइलवर आला की पत्ते पिसण्याचे काम शेकडो कोस दूर असलेल्या एका संगणकावर होते. ते काम करणारी आज्ञावली कोणत्या शब्दांत लिहिली आहे हे फक्त मालकाला ठाऊक असते. खेळणाऱ्याच्या वाट्याला येतो तो रंगीबेरंगी पडदा.

या आज्ञावलीच्या मूळ लेखनाला सोर्स कोड म्हणतात. मराठीत त्याला मूळ संहिता म्हणता येईल. माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्रामर ती लिहितो. नंतर तिचे यंत्राला कळणाऱ्या रूपात परिवर्तन होते आणि बाजारात जाते ते हे दुसरे रूप. त्यावरून मूळ संहिता उलगडणे म्हणजे शिजलेल्या भातावरून बियाण्याची पिशवी ओळखण्यासारखे आहे. जालावरील खेळाची आणखी एक गंमत अशी की तो दोन तुकड्यांत विभागलेला असतो. चित्रे दाखवणारा, बोटाचा स्पर्श टिपणारा तुकडा खेळणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उतरतो. त्यातील नावे पुसलेली आणि मजकूर आकसलेला असला तरी तो निदान हाती तरी येतो. हार-जीत ठरवणारा, हिशेब ठेवणारा, पत्ते पिसणारा दुसरा तुकडा मालकाच्या सर्व्हरवरून कधी हलतच नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. पूर्वी संगणकाचा खेळ तबकडीवर विकत मिळे. संहिता बंद असली तरी ती तबकडी घरात राही. कंपनी बुडाली तरी खेळ चालू राही. आता विक्री उरली नाही, राहिला तो प्रवेश. ग्राहकाचे कूळ झाले, आणि तेही कूळकायद्याच्या पूर्वीचे, मालकाच्या मर्जीवर नांदणारे कूळ. फेसबुकवरील 'फार्मव्हिल' हा शेतीचा खेळ २००९ मध्ये सुरू झाला. जगभरच्या कोट्यवधी लोकांनी त्यात काल्पनिक शेते नांगरली, पिके काढली, कित्येकांनी त्यासाठी खरे पैसे मोजले. ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने तो बंद केला आणि ती सगळी शेती एका रात्रीत नाहीशी झाली. खेळातलीच शेती ती, असे म्हणून हसण्यावारी नेता येईल. परंतु त्याच पद्धतीने आज शाळेचा गृहपाठ, दुकानाची वहीखाती आणि पतसंस्थेचा हिशेब दुसऱ्याच्या सर्व्हरवर जात आहेत. खेळात जे दिसते ते अन्यत्रही घडते. खेळात ते केवळ लवकर आणि स्वच्छ दिसते.

पूर्व विदर्भाला ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. गोंदिया-भंडाऱ्याचे तलाव गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या आणि इतर कास्तकारांच्या श्रमांतून उभे राहिले. इंग्रजी अमदानीतील जमाबंदीने सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक ठरवले, आणि ज्याने पाळीवर एक पाटी मातीही टाकली नव्हती असा मनुष्य तलावाचा धनी झाला. तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट शिल्लक होती. गावाने तलावातून, जंगलातून काय घ्यावे, पाणी कोणत्या क्रमाने फिरावे, याची वहिवाट वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदली जाई, आणि निस्ताराचा हक्क मालगुजारालाही सहसा मोडता येत नसे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले, 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' हे नाव मागे राहिले. संगणकीय मालगुजारीत निस्तारपत्रक नाही. जे आहे त्याला 'वापराच्या अटी' म्हणतात. तो इंग्रजीतला लांबलचक दस्तऐवज न वाचताच मान्य करावा लागतो, आणि मालक तो वाटेल तेव्हा बदलू शकतो.

या मालकीला आधार कायद्याचा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश 'साहित्यकृती'त झाला. कादंबरीला जे संरक्षण, तेच आज्ञावलीला: लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे. कादंबरी निदान वाचता येते. वाचता येऊ नये अशाच रूपात विकली जाणारी साहित्यकृती हा आपल्या विधिमंडळींचा अनोखा शोध म्हणावा लागेल. शिवाय हे संरक्षण 'लेखका'ला मिळते ही समजूतही फसवी आहे. नोकरीत असताना लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो, असे हाच कायदा सांगतो. पुण्यात किंवा हिंजवडीत रात्री जागून संहिता लिहिणारा गोंदियाचा मुलगा तिचा मालक नसतो. नोकरी सोडताना तो आपलेच लेखन बरोबर नेऊ शकत नाही. संहिता बंद ठेवल्याने प्रोग्रामरचे पोट भरते असे जे सांगितले जाते, त्यात कोणाचे पोट कोणाच्या नावावर भरते आहे हे तपासून पाहावे.

खर्चाचे गणितही तसेच आहे. आज्ञावली प्रथम लिहिण्यास श्रम लागतात, भांडवल लागते; दुसरी, दहा लाखावी प्रत काढण्याचा सीमांत खर्च मात्र जवळजवळ शून्य. निसर्गतः टंचाई नसलेल्या वस्तूची टंचाई कायद्याने आणि कुलपाने निर्माण करावयाची, आणि मग त्या टंचाईवर वर्षानुवर्षे वसुली करावयाची. रिकार्डोने ज्याला खंड म्हटले त्याहून ही मिळकत फार वेगळी नाही. फरक इतकाच की जमीन खरोखरच मर्यादित होती.

म्हणून संहिता उघडी करावी, सर्वांना वाटावी, हे समाजवाद्यांना सहज पटते. परंतु येथेच एक सावधगिरी हवी. नुसते वाटणे पुरेसे नसते. वाटून मोकळा झालेला माणूस पुष्कळदा लुटला जातो, आणि त्याचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम दीड एकराचे धान उत्पादक. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी निवडल्या, हंगामामागून हंगाम जपल्या, आणि त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ सिद्ध झाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. मागेल त्याला त्यांनी बियाणे दिले. गोंदियाच्या भातगिरण्यांतून आज जो एचएमटी बाहेर पडतो त्याचे मूळ या दानात आहे. पुढे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने वाण प्रसृत केला. शुद्धीकरणाचे शास्त्रीय काम आपण केले, म्हणून हा वाण आपला, ही विद्यापीठाची भूमिका. तिच्यात तथ्यांश असेलही. निवडपद्धतीने शुद्ध केलेला वाण हे काही बिनकष्टाचे काम नव्हे. पण ज्या बियाण्यावर ते कष्ट झाले ते देताना दादाजींनी कोणती अट घातली होती? कोणतीच नाही. त्यांच्याजवळ तसा दस्तऐवज नव्हता, तसा कायदाही नव्हता. शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, देवघेवीचा हक्क मान्य करणारा वाणसंरक्षण कायदा २००१ मध्ये आला. पुरस्कार त्यांना मिळाले, पण ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही हलाखी संपलेली नव्हती.

खेळांच्या जगात याच कथेची हलकी आवृत्ती घडली. मार्च २०१४ मध्ये गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने '२०४८' नावाचे आकडे जुळवण्याचे कोडे जालावर ठेवले आणि त्याची संहिता 'एमआयटी' परवान्याखाली खुली केली. हा परवाना म्हणतो: माझे नाव राहू द्या, बाकी वाटेल ते करा. अल्पावधीत त्याच्या असंख्य नकला निघाल्या. त्यांपैकी कित्येकांनी जाहिराती लावून मोबाइलच्या बाजारात पैसे केले, आणि त्यांची संहिता पाहण्याची सोय कोणाला राहिली नाही. चिरुल्लीची याबद्दल तक्रार असण्याचे कारण नव्हते. त्याचा स्वतःचा खेळही इतरांच्या कल्पनांवर उभा होता. तथापि सामायिक कुरणातून चारा कापून खाजगी गोठ्यात नेण्याची वाट या परवान्याने मोकळी ठेवली होती, हे खरेच.

ती वाट बंद करण्याची युक्ती अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये काढली. 'जनरल पब्लिक लायसन्स', म्हणजे जीपीएल, हा परवाना कॉपीराइटचेच हत्यार उलटे फिरवतो. संहिता वाचा, वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तेव्हा तिची मूळ संहिताही याच अटींवर द्या. दान येथे करार होते. निस्तारपत्रकाचीच ही जात: गावाने काय घ्यावे हे त्यात आहे आणि पाळ कोणी फोडू नये हेही त्यात आहे.

अशी अट कागदावरच राहते, असे म्हणणाऱ्यांनी बुद्धिबळाच्या जगातील एक खटला पाहावा. 'स्टॉकफिश' ही बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली २००८ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी जीपीएलखाली वाढवली. आज ती कोणत्याही जगज्जेत्याला सहज हरवते. हॅम्बर्गच्या चेसबेस कंपनीने २०२१ मध्ये 'फॅट फ्रिट्झ २' हे उत्पादन सुमारे १०० युरोंना विकण्यास काढले. मुळात ते बहुतांशी स्टॉकफिशच होते. विकण्याला परवान्याची हरकत नव्हतीच. हरकत होती ती मूळ दडवण्याला आणि संहितेची अट न पाळण्याला. जुलै २०२१ मध्ये स्टॉकफिशच्या मंडळींनी म्युनिकच्या न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ते उत्पादन मागे घेतले, वर्षभर स्टॉकफिशचे वितरण न करण्याचे मान्य केले आणि परवान्यांचे पालन होते की नाही हे पाहणारा अधिकारी नेमण्याचे कबूल केले. पगाराविना काम करणाऱ्या मूठभर लोकांनी एका जुन्या कंपनीला नमवले ते केवळ अट लिहून ठेवलेली होती म्हणून. दादाजींच्या हाती नेमके हेच नव्हते.

जालावरील खेळाला मात्र जीपीएलही पुरा पडत नाही. त्याची अट 'प्रत दुसऱ्याला दिली तर' लागू होते, आणि सर्व्हरवरचा तुकडा कोणी कोणाला देतच नाही. खुली संहिता घ्यावी, सुधारावी, आपल्या सर्व्हरवर चालवावी, जगाकडून वर्गणी गोळा करावी आणि बदल स्वतःजवळ ठेवावे, हे जीपीएलच्या चौकटीत बसते. मोठ्या कंपन्या मुक्त आज्ञावलींचे गोडवे गातात त्याचे एक कारण या फटीत आहे. २००७ मध्ये ती बुजवण्यासाठी 'ॲफेरो जीपीएल' हा परवाना निघाला. बदललेली आज्ञावली जालावरून जे कोणी वापरतात, त्यांना तिची संहिता मिळण्याची सोय केली पाहिजे, असे त्याचे कलम १३ सांगते. तलावाचे पाणी कोणी कालव्याने नेवो वा मोटेने, वहिवाट सुटत नाही.

या परवान्यावर जगातील एक अत्यंत मोठे बुद्धिबळाचे व्यासपीठ उभे आहे. २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने 'लिचेस' सुरू केले. आज ते फ्रान्समधील ना-नफा संस्थेच्या वतीने चालते. जाहिरात नाही, शुल्क नाही, खर्च देणग्यांवर भागतो, आणि सर्व्हरची संहिता ॲफेरो परवान्याखाली सर्वांना खुली आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून विदर्भात बुद्धिबळाचे नाव पुन्हा घरोघरी पोचले. फुलचूरची एखादी मुलगी वडिलांच्या मोबाइलवर या व्यासपीठावर डाव मांडते, तेव्हा तिच्या चुकांचे विश्लेषण करणारे स्टॉकफिश तिच्याच ब्राउझरमध्ये फुकट चालते. उद्या संस्था बंद पडली, तर तीच संहिता घेऊन दुसऱ्या कोणाला दुसरीकडे खेळ मांडता येईल. 'फार्मव्हिल'च्या कास्तकारांना तो उपाय नव्हता.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला उपजीविकेचा. खेळात संहितेखेरीज चित्रे असतात, संगीत असते, कथा असते. हे सारे फुकट द्यावे असे कोणी म्हणत नाही. संहितेला एक परवाना आणि कलाकृतींना दुसरा, ही पद्धत रूढ आहे. मोझिलाने २०१२ मध्ये 'ब्राउझरक्वेस्ट' हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हा नेमके असेच केले होते. प्रोग्रामरने मजुरी घेऊ नये असेही नव्हे; मजुरी श्रमावर मिळावी, कुलपावर नव्हे, एवढेच म्हणणे आहे. परंतु देणग्यांवर चालणाऱ्या कामात पुष्कळदा थोड्यांच्या पाठीवर सर्वांचे ओझे पडते, हेही नाकारता येणार नाही. लिचेससारखी उदाहरणे थोडी आहेत आणि त्यांना सार्वजनिक निधीची जोड नाही, ही या चळवळीची खरी उणीव आहे.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक. संहिता जाहीर केली म्हणजे सर्व्हरवर तीच चालते आहे याची खात्री होते काय? होत नाही. दाखवायची एक आणि चालवायची दुसरी असे करता येते. पत्ते पिसल्यावर त्यांच्या क्रमाची सांकेतिक मोहोर आधीच जाहीर करावी आणि डाव संपल्यावर क्रम उघड करून ती जुळते का हे कोणालाही पडताळू द्यावे, अशी रीत त्यासाठी उपलब्ध आहे. पण ती रीत पाळा असे सांगण्याचा अधिकार कोणाला तरी हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यामागील हेतू योग्यच होता. मात्र त्या कायद्याने खेळात पैसा आहे की नाही एवढेच विचारले. आतील यंत्रणा तपासण्याचा हक्क नागरिकाला द्यावा की नाही, हे विचारले नाही. बंदीने धंदा परदेशी सर्व्हरकडे सरकतो, आणि तेथील पिसणारा हात तर आणखीच दूर.

संसदेत या प्रश्नावर काही करता येत नाही असे नाही. डिसेंबर २००४ च्या पेटंट अध्यादेशाने आज्ञावलींना पेटंट देण्याची वाट उघडली होती. डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे २००५ च्या कायद्यातून ती तरतूद गळाली. केरळने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त आज्ञावलींवर उभे केले. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये खुल्या आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे आणि सरकारी संहिता खुली करण्याचे धोरण जाहीर केले. मात्र धोरण जाहीर होणे आणि तालुक्याच्या निविदेत उतरणे यांत किती अंतर असते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. 'दीक्षा' हे केंद्राचे शालेय व्यासपीठ ज्या 'सनबर्ड' आज्ञावलीवर उभे आहे ती खुली आहे, परंतु एमआयटी परवान्याखाली. तिच्यावर बांधकाम करणाऱ्याने आपले बदल परत द्यावेत असे बंधन तिच्यात नाही.

काम म्हणून पाहावयाचे तर ते येथे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शैक्षणिक खेळ, डिजिटल वर्ग, सरावाची ॲपे यांच्या निविदा निघतात. त्या निविदेत तीन कलमे घालण्याचा आग्रह गोंदियातील सदस्यांना धरता येईल: सार्वजनिक पैशातून लिहिलेली संहिता ॲफेरो जीपीएलखाली राहील; काम पुरे होताच तिची पूर्ण प्रत जिल्हा परिषदेकडे आणि मागेल त्या नागरिकाकडे जाईल; मराठी मजकूर, चित्रे आणि ध्वनी यांचा पुनर्वापर कोणत्याही शाळेला करता येईल. ठेकेदार सांगतील की अशाने दर वाढेल. किती वाढेल, ते लेखी मागावे. आणि गेल्या निविदेतील ॲप आज कोणत्या सर्व्हरवर आहे, त्याची संहिता कोणाच्या ताब्यात आहे, ठेका संपल्यावर ते किती शाळांत चालू राहिले, हे माहितीच्या अधिकारात त्याच दिवशी विचारून ठेवावे. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे.